इंजिन बदलल्यावर आरपीएमचा काटा चुकतो का? टॅकोमीटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन बदललं, गाडी छान चालते, पण आरपीएमचा काटा भलतंच दाखवतो. मीटर बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या इंजिनावर काल बरोबर चालणारा मीटर बोनेट उघडून बंद केल्यामुळे बिघडत नाही. टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दाखवणारा मीटर, इंजिनाचे फेरे पाहत नाही, तो एका वायरवरून येणाऱ्या पल्स (विजेचे ठोके) मोजतो. एका फेऱ्याला किती पल्स यायला हव्यात हे त्यात कारखान्यातच ठरवलेलं असतं. इंजिन बदललं की सिलिंडरची संख्या, कॉइलची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) रचना किंवा सिग्नलचा उगम बदलतो, आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजत राहतो.

हा हिशेब पाठ असू द्या. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीची वीज प्लगना वाटणारा भाग) असलेल्या गाडीत एका फेऱ्याला येणाऱ्या पल्स म्हणजे सिलिंडरच्या संख्येच्या निम्म्या: चार सिलिंडरला २, सहाला ३, आठला ४. हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती पल्स हे, सांगायचं तर आरपीएम गुणिले सिलिंडर भागिले १२०. चार सिलिंडर ३००० आरपीएमवर १०० हर्ट्झ देतो, सहा सिलिंडर १५० आणि आठ सिलिंडर २००. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका ओळीतून निघतात.

सुरुवात कुठून करायची?

खऱ्या आरपीएमपासून. ते हातात नसताना वायर बदलणं, मीटर उघडणं किंवा नवा मीटर विकत घेणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

नव्या इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ओबीडी-२ (निदानाची प्रमाणित भाषा) बोलत असेल तर साधा स्कॅनर पुरतो, त्यातला आरपीएम थेट क्रँक सेन्सरवरून येतो. ईसीयू नसेल तर क्रँक पुलीवर परावर्ती टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि ऑप्टिकल टॅकोमीटरने वाचा. टेप क्रँकच्याच पुलीवर लावा. अल्टरनेटर किंवा वॉटर पंपची पुली वेगळ्या वेगाने फिरते आणि तुमचा सगळा ताळा चुकतो. आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइटही चालते, मात्र एकाच कॉइलवर दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात ती दुप्पट दाखवू शकते हे ध्यानात ठेवा.

हाताशी काहीच नसेल तर गिअर आणि टायरवरून हिशेब करता येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. टायरचा घेर १.९ मीटर असेल तर चाक मिनिटाला सुमारे ५२६ फेरे घेतं. चौथा गिअर १.० आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ असेल तर इंजिन ५२६ × ४.१, म्हणजे साधारण २१६० आरपीएमवर असायला हवं. वेग स्पीडोमीटरवरून घेऊ नका, जीपीएसवरून घ्या. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स बदलला असेल तर स्पीडोमीटरही चुकलेला असू शकतो.

आता इंजिन पूर्ण गरम करा, न्यूट्रल आणि हँडब्रेक लावा, आणि तीन ठिकाणी नोंद घ्या: आयडलवर (पेडल न दाबता), २००० वर आणि ३००० वर. प्रत्येक ठिकाणी काट्याचा आकडा भागिले खरा आकडा. हा भागाकार तिन्ही ठिकाणी सारखा येतो की बदलतो, यावर पुढची वाट ठरते.

भागाकार तिन्ही ठिकाणी सारखाच येतो. त्यातून काय समजायचं?

मीटर धडधाकट आहे, फक्त त्याला चुकीच्या संख्येने पल्स मिळताहेत. आकडाच दोष सांगतो:

- १.५ : चार सिलिंडरचा मीटर सहा सिलिंडरच्या इंजिनावर आहे.
- ०.६७ : याच्या उलट, सहाचा मीटर चारवर.
- २.० : चारचा मीटर आठवर. फक्त आयडलला दुप्पट दाखवून वर बरोबर येत असेल तर मात्र ते पल्सचं दुहेरी मोजणं आहे, त्याचं उत्तर खाली आहे.
- १.३३ किंवा ०.७५ : सहा आणि आठची अदलाबदल.
- ०.५ : आठचा मीटर चारवर, किंवा चारचा मीटर दोन कॉइलपैकी एकाच कॉइलला जोडला आहे.
- ०.३३ : सहाचा मीटर तीन जोड-कॉइलपैकी (एका कॉइलवर दोन सिलिंडर) एकीला जोडला आहे.
- ०.२५ : चारचा मीटर प्रत्येक प्लगवर स्वतंत्र असलेल्या एकाच कॉइलला जोडला आहे.

बाजारात मिळणाऱ्या सुट्या मीटरवर पाठीमागे ४, ६, ८ निवडण्याचा स्विच किंवा कापायच्या वायरचे लूप असतात. स्विच एकदा पूर्ण इकडून तिकडे दोन-चार वेळा सरकवून मग हव्या जागी ठेवा. बरीच वर्षं न हलवलेल्या स्विचच्या संपर्कावर काळपटपणा चढतो आणि दिसायला ६ वर असलेला स्विच आतून कुठेच जोडलेला नसतो.

भागाकार बदलतो, पण फरक सगळीकडे सारखाच आहे. समजा कायम ३०० जास्त.

तो काट्याचा दोष आहे, सिग्नलचा नाही. डॅशबोर्ड काढताना काटा दांडीवरून उचलला गेला असेल आणि परत बसवताना चुकीच्या कोनात बसला असेल. ज्ञात फ्रिक्वेन्सी देऊन काटा त्या आकड्यावर बसवा. नुसता शून्याच्या खिळीला टेकवून बसवू नका, कारण अनेक मीटरमध्ये वीज नसतानाची काट्याची जागा आणि शून्य आरपीएम एकच नसतात.

नव्या इंजिनातून सिग्नल नेमका कुठून घ्यायचा?

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

डिस्ट्रिब्यूटर असलेल्या इंजिनात कॉइलचं निगेटिव्ह टर्मिनल हीच योग्य जागा. मीटरचा वीजपुरवठा मात्र कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घेऊ नका. मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह कमी करणारा) असेल तर तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. मीटरला इग्निशन स्विचवरून फ्यूजमार्गे वेगळी लाइन द्या.

जोड-कॉइलच्या इंजिनात प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला एकदा पेटते. एकाच कॉइलवरून घ्यायचं असेल तर मीटर 'दोन सिलिंडर'वर लावावा लागतो, आणि ती सोय फार थोड्या मीटरमध्ये असते. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या कॉइलच्या निगेटिव्हवरून एकेक डायोड घेऊन मीटरच्या वायरला एकत्र जोडणं. १एन४००७ डायोड चालतो, तो १००० व्होल्ट झेलतो. डायोडची रेघ असलेली बाजू मीटरकडे ठेवा. मात्र ही जोडणी उंच स्पाइक (व्होल्टेजचा क्षणिक झटका) ओळखणाऱ्या मीटरपुरतीच आहे. पेटण्याच्या मधल्या काळात ती वायर १२ व्होल्टवरच राहते, त्यामुळे स्वच्छ चौकोनी लाट मागणाऱ्या मीटरला त्यातून काही कळत नाही.

प्रत्येक प्लगवर कॉइल असलेल्या बहुतेक आधुनिक इंजिनांत कॉइलच्या आतच इग्नायटर (कॉइलचा प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. बाहेर दिसते ती ईसीयूकडून येणारी सुमारे ५ व्होल्टची ट्रिगर वायर. तिला टॅकोमीटर जोडू नका. मीटर चालत तर नाहीच, वर त्या वायरवर ताण येऊन सिलिंडर मिस होऊ शकतो. अशा इंजिनात ईसीयूचं टॅकोमीटर आउटपुट शोधा. बऱ्याच ईसीयूंत ते असतं. मात्र ते किती सिलिंडरचं सिग्नल देतं हे इंजिनाकडे बघून ठरवू नका. जीएमच्या एलएस इंजिनांचा तिसऱ्या पिढीचा ईसीयू आठ सिलिंडर असूनही दर फेऱ्याला दोनच पल्स देतो. त्यामुळे सुटा मीटर चारवर लावावा लागतो, आठवर लावला तर निम्मं दाखवतो.

ईसीयूचं टॅकोमीटर आउटपुट जोडलं, तरी काटा जागचा हलत नाही.

पुल-अप रेझिस्टर नाही, हे पहिलं गृहीत धरा. ही आउटपुट बहुतेक वेळा ओपन-कलेक्टर असतात. ईसीयू ती वायर फक्त अर्थला खेचतो आणि सोडतो, तिला वर १२ व्होल्टला नेत नाही. ते काम मूळ गाडीतला मीटर करत असे. तुमचा मीटर ते करत नसेल तर वायर खालीच पडून राहते.

सिग्नल वायर आणि इग्निशनच्या १२ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओह्मचा रेझिस्टर लावा. काटा उठला तर झालं. उठला पण थरथरतो किंवा वर जाऊन गळतो, तर २.२ आणि मग १ किलोओह्मपर्यंत उतरा. १ किलोओह्मवर सुमारे १४ मिलिअँपिअर वाहतात आणि ०.२ वॉट उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्या. त्याहून खाली जाऊ नका, ईसीयूच्या आतला छोटा ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनलेला नसतो. आणि १२ व्होल्टची वायर रेझिस्टरशिवाय थेट त्या पिनला कधीही, क्षणभरसुद्धा, लावू नका.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून सिग्नल वायरवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज पाहा. ५ ते ८ व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसलं तर पल्स चालू आहेत, मल्टिमीटर त्यांची सरासरी दाखवतो आहे. ठाम शून्य किंवा ठाम १२ दिसलं तर पल्स नाहीत.

पुल-अप लावूनही जुना मीटर मेलेलाच.

मग त्या मीटरला स्पाइक हवा आहे. कॉइलच्या निगेटिव्हवर प्रवाह तुटताना ३०० ते ४०० व्होल्टचा झटका येतो, आणि जुने अनेक मीटर तेवढाच झटका ओळखतात. १२ व्होल्टची चौकोनी लाट त्यांच्या दृष्टीने शांतता असते.

उपाय म्हणजे झटका तयार करणं. साध्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल घ्या, एक टोक इग्निशनच्या १२ व्होल्टला, दुसरं टोक एका ट्रान्झिस्टरला आणि तिथूनच मीटरची वायर. ईसीयूचा सिग्नल ट्रान्झिस्टर चालवतो, ट्रान्झिस्टर रिलेचा प्रवाह तोडतो आणि झटका उठतो. रिलेच्या आत डायोड किंवा रेझिस्टर बसवलेला नसावा, तो झटका गिळून टाकतो. ट्रान्झिस्टर ४०० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा हवा. हा ट्रान्झिस्टर वाचवायला म्हणून रिले थेट ईसीयूला जोडू नका. तिथे निर्माण होणारा झटका मग ईसीयूलाच बसेल.

मीटरवर 'आरव्हीआय' लिहिलं आहे. त्याचं काय?

स्मिथ्स कंपनीच्या जुन्या ब्रिटिश मीटरपैकी तो प्रवाहावर चालणारा प्रकार. कॉइलकडे जाणारी पॉझिटिव्ह वायर या मीटरच्या लूपमधून फिरून पुढे जाते, आणि मीटर त्या वायरमधल्या प्रवाहाची चढ-उतार मोजतो. त्याला वेगळी सिग्नल वायर नसतेच. ईसीयूच्या इंजिनावर तो जसाच्या तसा चालवण्याच्या मागे लागू नका. आतला सर्किट बोर्ड बदलून डायल आणि काटा मूळचा ठेवणं हा टिकाऊ मार्ग. 'आरव्हीसी' लिहिलेला असेल तर तो व्होल्टेजवर चालतो आणि कॉइलच्या निगेटिव्हवर नेहमीसारखा जोडता येतो.

सीडीआय इग्निशन बॉक्स (कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठिणगी देणारा) लावला आहे. कॉइलवरूनच सिग्नल घेऊ का?

नाही. असा बॉक्स कॉइलला काही शे व्होल्ट देतो आणि कमी आरपीएमवर एका पेटण्यात अनेक ठिणग्या टाकतो. मीटर जळेल, नाहीतर बरळेल. बॉक्सवर टॅकोमीटरसाठी स्वतंत्र टर्मिनल असतं, तेच वापरा.

काटा थरथरतो, मधूनच उडी मारतो, दिवे लावले की सरकतो.

दिवे किंवा ब्लोअर लावल्यावर सरकत असेल तर तो अर्थिंगचा दोष आहे. इंजिन बदलताना इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहून जाते, किंवा रंगावरच आवळली जाते. इंजिन चालू, दिवे चालू, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थ वायरला. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, २०० च्या वर गेलं तर अर्थ नीट करा. मग तेच मोजमाप इंजिन ब्लॉकवर करा. ओह्ममध्ये मोजून अर्थ तपासू नका. एका तारेवर लटकलेली जोडही ओह्ममध्ये निर्दोष दिसते आणि भार आला की उघडी पडते.

थरथर दिव्यांशी संबंधित नसेल तर ती ठिणगीची ढवळाढवळ आहे. तारेचे गाभे असलेले साधे प्लग लीड आणि रेझिस्टर नसलेले प्लग यांची जोडी सर्वात वाईट. यातलं एक तरी रेझिस्टरवालं हवंच, आणि ईसीयू असलेल्या गाडीत दोन्ही. सिग्नलची वायर प्लग लीड आणि अल्टरनेटरच्या जाड वायरपासून लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्ड असलेली वायर वापरलीत तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. रेडिओचा खरखराट घालवणारा कंडेन्सर कॉइलच्या पॉझिटिव्हला लागतो. कोणी तो निगेटिव्हला जोडला असेल तर पल्सचा आकारच बिघडतो, ठिणगीही मंदावते.

एवढं करूनही आयडलला काटा दुप्पट दाखवत असेल तर मीटर प्रत्येक झटका आणि त्यामागची थरथर असं दोनदा मोजतो आहे. वायरमध्ये ओळीने १० किलोओह्म आणि मीटरच्या बाजूला वायर ते अर्थ ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा फिल्टर सुमारे १६०० हर्ट्झच्या वरचं गाळतो. आठ सिलिंडर ६००० आरपीएमवर ४०० हर्ट्झच देतो, म्हणजे खरा सिग्नल सुखरूप राहतो. घाईत ०.१ मायक्रोफॅरड लावलात तर मर्यादा १६० हर्ट्झवर येते आणि काटा मध्येच गळायला लागतो.

तो १० किलोओह्म कॉइलच्या टोकाला बसवा, मीटरच्या नव्हे. कॉइलच्या निगेटिव्हवरून निघालेली वायर वाटेत कुठे पत्र्याला घासून अर्थ झाली तर ठिणगीच बंद होते. रेझिस्टर कॉइलजवळ असेल तर अशा वेळीही इंजिन चालू राहतं. त्याच कारणाने, इंजिन बदलल्यावर गाडी सुरूच होत नसेल तर आधी टॅकोमीटरची वायर सोडून स्टार्टर मारून बघा.

३०००–४००० पर्यंत बरोबर, मग काटा खाली येतो.

सिग्नल अशक्त आहे. पुल-अप फार मोठा, फिल्टरचा कपॅसिटर फार मोठा, किंवा मीटरचा पुरवठा पडतो, या क्रमाने तपासा. पुरवठा मीटरच्याच टर्मिनलवर मोजा, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास हवा. सगळं ठीक असेल आणि इंजिनही त्याच वेळी मिस होत असेल तर मीटर खरं सांगतो आहे, दोष इग्निशनमध्ये शोधा.

पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवलं. आता सिग्नल कुठून?

ठिणगीच नाही, म्हणून जुन्या डिझेलमध्ये अल्टरनेटरचं 'डब्ल्यू' टर्मिनल वापरतात. तिथे एका फेऱ्याला येणाऱ्या पल्स म्हणजे पुलीचं गुणोत्तर गुणिले ध्रुवांच्या जोड्या. क्रँक पुली १५० मिलिमीटर, अल्टरनेटरची ६८ मिलिमीटर, तर गुणोत्तर २.२. सहा जोड्या असतील तर १३.२ पल्स, म्हणजे ८०० आरपीएमवर १७६ हर्ट्झ. पेट्रोलचा मीटर इथे लावून चालत नाही, डब्ल्यूसाठी समायोजन असलेला मीटर घ्या.

अल्टरनेटर बदलला की हिशेब पुन्हा करावा लागतो. ६८ च्या जागी ६० मिलिमीटरची पुली आली तर गुणोत्तर २.५ होतं आणि काटा सुमारे १३ टक्के जास्त दाखवतो. पट्टा सैल असेल तर भार पडल्यावर काटा खाली येतो. सुरू केल्यावर एकदा रेस केल्याशिवाय काटा उठत नसेल तर मीटरला दोष देऊ नका, अल्टरनेटर चार्ज करायला लागलेला नसतो. चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब आणि त्याची वायर बघा.

गाडीचा मीटर कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांच्या जोडीवर) चालतो आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं आहे.

मग पल्स, रेझिस्टर, डायोड यातलं काहीच उपयोगाचं नाही. मीटरला आरपीएम एका ठरावीक ओळख-क्रमांकाच्या संदेशातून मिळतो, आणि तो क्रमांक व आकड्याची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. मध्ये भाषांतर करणारं गेटवे मॉड्यूल लागतं. ते घेण्याआधी बस शाबूत आहे का बघा: बॅटरी सोडून कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये ओह्म मोजा. दोन्ही टोकांना १२० ओह्मचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर जुन्या ईसीयूबरोबर एक टोक निघून गेलं आहे.

मीटरच उघडून नव्या इंजिनाशी जुळवता येतो का?

ॲनालॉग असेल तर येतो. अनेक मीटरमध्ये एलएम २९१७ सारखी फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज करणारी चिप असते. तिचं आउटपुट म्हणजे फ्रिक्वेन्सी × पुरवठा × रेझिस्टर × कपॅसिटर. चारवरून सहावर जायचं तर फ्रिक्वेन्सी दीडपट होते, म्हणून रेझिस्टर दोन-तृतीयांश करा. मूळचा १०० किलोओह्म असेल तर ६६.७ हवा: ५६ किलोओह्मचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या ओळीत २० किलोओह्मचा अनेक फेऱ्यांचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर). कपॅसिटर बदललात तर फिल्म प्रकारचा घ्या. साध्या सिरॅमिकची किंमत तापमानाने बदलते आणि डॅशबोर्ड तापला की काटा सरकतो.

स्टेपर मोटरच्या डिजिटल क्लस्टरमध्ये (मीटरच्या संचात) मात्र रेझिस्टर शोधू नका, आकडा मेमरीत असतो. काही गाड्यांत निदान-यंत्राने सिलिंडरची संख्या बदलता येते. नसेल तर बाहेर पल्स बदलणारं मॉड्यूल लावा. त्याच मेमरीत गाडीने कापलेलं अंतरही असतं, तेव्हा आधी तिची प्रत काढून ठेवा.

मीटर खरंच खराब आहे हे खात्रीने कसं ठरवायचं?

टेबलावर. १२ व्होल्टचा पुरवठा द्या आणि सिग्नल जनरेटरवरून १२ व्होल्टची चौकोनी लाट सोडा. चार सिलिंडरच्या मीटरने ५० हर्ट्झला १५००, १०० ला ३०००, २०० ला ६००० दाखवायला हवं. इथे बरोबर चालला तर मीटर निर्दोष, दोष गाडीत. स्पाइक मागणारा मीटर असेल तर वरची रिलेची युक्ती टेबलावरही लागते. गाडीत कॉइलच्या निगेटिव्हवर ऑसिलोस्कोप लावणार असाल तर १० पट घट करणारी प्रोब वापरा आणि ती ४०० व्होल्ट झेलते याची खात्री करा.

ईसीयूचाच आरपीएम चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि ते जास्त गंभीर आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या पल्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमेबल ईसीयूत सिलिंडरची संख्या चुकीची भरली तर इंधन आणि टायमिंग दोन्ही चुकतात. म्हणून स्कॅनरचा आकडा एकदा ऑप्टिकल मीटरशी ताडून बघा. क्रँकच्या ६० वजा २ दातांच्या चाकाला (६० पैकी २ दात गाळलेल्या) ३६ वजा १ अशी नोंद केली तर बहुधा इंजिन सुरूच होत नाही. स्टार्टर मारताना काटा १५० ते २५० वर उठतो का पाहा. उठला तर क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोहोचतो आहे.

दुरुस्तीपर्यंत गाडी चालवली तर?

काटा जास्त दाखवत असेल तर नुकसान नाही, तुम्ही गिअर लवकर बदलाल इतकंच. कमी दाखवत असेल तर काट्यावर विसंबून इंजिन ताणू नका. ०.५ चा भागाकार असलेल्या गाडीत ३५०० दिसताना इंजिन ७००० वर असतं. आणि मीटर जुळवल्यावरही डायलवरची लाल पट्टी जुन्या इंजिनाचीच राहते. नव्या इंजिनाची मर्यादा शोधा आणि काचेवर पातळ लाल टेपने ती खूण करा.